पारावरचा पेपर

माझी जन्मतारीख खरी आहे. आमच्या वर्गात असं म्हणू शकणारी मी जवळजवळ एकटीच होते. बाकी बहुतेक मुली एक जुलैला जन्मल्या होत्या, कारण ती तारीख माझ्या आईला लिहायला सोयीची पडे. आई आमच्या गावातल्या मुलींच्या सरकारी शाळेची मुख्याध्यापिका होती. नरखेड तालुक्यातलं बाजाराचं गाव, चहूकडे संत्र्या-मोसंबीचे बगीचे. पोर कधी झालं म्हणून विचारलं की आया सांगायच्या, "गारपिटीनं बगीचा झोडपला ना बाई, त्याच साली." त्यावर आईचा उपाय ठरलेला होता. मुलीनं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर पहिलीत ये, नाही लागला तर पुढच्या वर्षी ये. दिवसभराची कटकट घरातून जाईल या आशेनं एखादी आई मागून हळूच पोरीचं कोपर ढकलायची, आणि माझी आई मान वर न करता म्हणायची, "कोपर सोडा, काकू."

आता मी नागपूरजवळ बेस्यात राहते. सकाळी खिडकीखाली पिवळ्या बसगाड्यांची रांग लागते, शाळाच मुलं उचलायला दारात येते. पैसे घेऊन येते, हा भाग वेगळा. आईच्या वेळी बाईच मुलांच्या दारात जात. उन्हाळ्याची सुटी लागली की डोक्यावर ओला दुपट्टा, पिशवीत कांदा आणि पाण्याची बाटली घेऊन ती पोरी गोळा करायला निघायची. बसायला पोतं टाकलं तरी बसायची, पाट दिला तरी बसायची, आणि कुणी नुसतंच दारात उभं केलं तर उभ्यानं बोलायची. परत आली की पाय धुऊन सरळ चुलीपाशी. तिथं आत्या असायची. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, लग्नाच्या पहिल्याच वर्षी माहेरी परतलेली. का ते तिला कुणी विचारत नसे, कारण विचारणाऱ्याची धडगत नसे. आत्याच्या हातची ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि वरून कच्च्या तेलाची धार सोडलेला ठेचा, हे आमचं रोजचं जेवण. रविवारी गोळाभात. तेल आत्या अशा बेतानं सोडायची की धार ताटापर्यंत पोचेतो थांबलेली असे.

घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. घंटा म्हणून शाळेच्या कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजला की आमची भांडी हलत. त्याखेरीज दिवसभर कानावर यायचा तो शाळेचा सूर. आईकडे एका खोलीत दोन-दोन वर्ग असत. एका वर्गाला गणित घालून दिलं की दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी मिळून, वाक्याच्या शेवटाला हेल काढून. लांबून ऐकलं तर कुणी जात्यावर बसलंय असं वाटावं. मला तो सूर फार आवडायचा. आवडायला हरकत नव्हती, कारण मी त्या शाळेत जात नव्हते.

मी कॉन्व्हेंटमध्ये जात होते. कापसाच्या जिनिंगच्या बंद पडलेल्या गोदामात पार्टिशनं टाकून ती शाळा नुकतीच निघाली होती. आमच्या उन्हात टाय, पायात बूट आणि मोजे. तिथं मला घालण्याचा हट्ट बाबांचा. बाबा एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. नागपूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरनं त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं, बाबा गप्प राहिले, तेव्हा त्या डॉक्टरनं तेच हिंदीत शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला समजावून सांगितलं. आजार बाबांचा होता. घरी येऊन ते आईला एवढंच म्हणाले, "नलूच्या बाजूच्या मानसाले कोनी सांगू नये. तिलेच सांगावं." मी कॉन्व्हेंटला जाऊ लागले आणि तिथल्या सरांनी गावभर सांगितलं, "सरकारी शाळेच्या बाईंची मुलगीसुद्धा आमच्याकडेच."

त्या वर्षी होळीच्या सुमाराला तपासणीचे साहेब येऊन आईला बजावून गेले. मुली चौथीनंतर गळतात, वरचे वर्ग ओस पडलेत. शाळा उघडताना पाचवी भरलेली दिसली नाही तर पाचवीपासून पुढचे वर्ग बंद. मुलींना तालुक्याला जाता येईल, एसटी आहेच. साहेब वाईट नव्हते. त्यांनी गावाच्या नकाशावर एसटीचा रस्ता पाहिला होता, आणि तो खरोखरच होता.

शेजारच्या कुंदाचं काय होणार, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. कुंदा माझ्याच वयाची, आईच्या शाळेत चौथीत. तिच्या बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आम्ही दोघी ओट्यावर चिंचोके खेळत होतो आणि तिची आई लीलाबाई माझ्या आईला सांगत होती, "गावात वर्ग हाय तोवर शिकंन, बाई. एसटीनं नाही धाडत मी पोट्टीले. घरी बसंन, लहान्याले सांभाळंन."

कुंदाचा हात चिंचोक्यांवर होता तो तिथंच राहिला. मग तिनं माझे सगळे चिंचोके जिंकले. रागात तिचा नेम चांगला लागायचा.

सुटी लागली आणि आई निघाली. या वेळी दारं उघडत होती पण माणसं उघडत नव्हती. वनिताकाकूंचा मोठा बगीचा होता आणि धाकटी मुलगी पाचवीत जायची होती. काकूंनी आईला पन्हं दिलं, पंख्यानं वारा घातला आणि मग विचारलं, "तुमची नलू कोठी शिकते, बाई?"

आईनं पन्ह्याचा पेला खाली ठेवला.

"स्वतः खानावळ चालवता, अन् घरच्या पोट्टीले जेवाले दुसरीकडं धाडता," काकू म्हणाल्या. "मंग आमी काहून बसावं तुमच्या पंगतीत?"

हे काकूंनी हसत म्हटलं होतं. आईनं घरी येऊन तसंच हसत सांगितलं आणि भाकर अर्धी टाकून उठली. आत्या बाबांकडे बघून म्हणाली, "ऐकलं का गा? तुह्या टायनं बाईचं नाक कापलं."

"टायचा काय संबंध?" बाबा म्हणाले. "मी काही तिच्या शाळेले वाईट म्हनलं का?"

"म्हनलं नाही. करून दाखवलं."

बाबा ताटावरून उठले नाहीत, पण त्या दिवशी ठेचा पुन्हा मागितला नाही.

गावात एक पद्धत होती. नागपूरहून दुपारच्या गाडीनं एक पेपर यायचा आणि संध्याकाळी बाजाराजवळच्या वडाच्या पारावर तो मोठ्यानं वाचला जायचा. वाचायचे बापूजी. ते जुने सरपंच, आवाज खणखणीत. माणसं पारावर, बाया भाजीच्या दुकानांशी, पोरं मुळ्यांवर, सगळे ऐकायचे आणि बातमीशी भांडायचे. त्या उन्हाळ्यात बापूजींना मोतीबिंदूमुळे अक्षरं दिसेनाशी झाली. वाचू शकणारे तरुण होते, पण ते मनात वाचायचे आणि मग "काही विशेष नाही" म्हणायचे. पार सुना पडला. आई बापूजींकडे गेली आणि म्हणाली, "माझ्या मुली वाचतील."

त्या वेळी तिचा हिशेब सरळ होता. दारोदार फिरून जे सांगायचं ते एका जागी उभं राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल. पहिल्या दिवशी तिनं कुंदाला उभं केलं. कुंदा तिची सगळ्यात चांगली वाचणारी. लीलाबाईनं तिला तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. बापूजींनी पेपर तिच्या हातात दिला. वर पहिलीच बातमी कुठल्याशा गावात शेतीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या खुनाची होती.

कुंदानं श्वास घेतला आणि सुरू झाली, "भावा-भावां-च्या भांडणा-आत, कुऱ्हाडी-चे घा-आव..." तोच सूर. वाक्याच्या शेवटाला तोच गोड हेल. एक अक्षर चुकलं नव्हतं. पण ती कुऱ्हाड असं काही झुलत झुलत आली की पहिल्यांदा एक म्हातारा खोकला, मग कुणीतरी फिसकन् हसलं, आणि मागून सायकलवर टेकलेला एक जण ओरडला, "अवं पोट्टे, खून झाला का बारसं? पाळणा हालवून राहिली!"

पार हसून फुटला. कुंदा थांबली नाही, हे मी अजून विसरलेले नाही. ती त्याच सुरात बाजारभावापर्यंत गेली, कारण थांबायचं कसं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं; वर्गात सगळ्या थांबल्या की थांबायचं एवढंच तिला माहीत होतं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाईंच्या नलूले वाचू द्या. ते कानवेटवाली हाय." मला हातोहात पारावर चढवलं. मला वाटलं होतं मी मजेत वाचीन. पण कॉन्व्हेंटमध्ये मराठी आठवड्यातून कधीतरी, तीही फळ्यावरची. जोडाक्षरांपाशी मी अडखळले. 'जिल्हाधिकारी' या शब्दात मी शिरले आणि बाहेर आले नाही. कुंदाला लोक हसले होते. मला कुणी हसलं नाही. सगळे आईकडे बघत होते.

आईनं माझ्या हातातून पेपर घेतला, घडी घातली आणि बापूजींना दिला. "उद्या याच दोघी येतील," ती म्हणाली. आवाज वर्गातलाच होता.

घरी मला वाटलं आता बोलणी बसणार. आई ओट्यावर बसून बराच वेळ पायाचे तळवे चोळत राहिली. मग आत्याला म्हणाली, "पोरींचं काही चुकलं नाही, वन्सं. एका खोलीत दोन वर्ग सांभाळायचे म्हणून मीच त्यांना एका सुरात वाचायला लावलं. सूर लागला की मला कळायचं, सगळ्या वाचताहेत. त्यांना कळतंय का, हे मी कधी बघितलंच नाही."

"मंग आता?"

"आता तुम्ही बघा. तुम्ही ऐकायला बसा."

आत्याला वाचता येत नव्हतं आणि धीर अजिबात नव्हता. आईला नेमकं तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर स्टँडवर उतरल्याबरोबर बाबांनी तो पारावर जायच्या आधी घरी पाठवला. न मागता पाठवला. कुंदा आणि मी आत्यासमोर बसलो. आत्या तुरीची डाळ पाखडत होती. कुंदानं हेल काढला की आत्या सूप आपटायची. "गानं नको म्हनू वं! काय झालं ते सांग." कुंदा पेपर खाली ठेवून सांगायची, "दोघं भाऊ धुऱ्यावरून भांडले, अन् धाकट्यानं कुऱ्हाड घातली." "हां, अस्संच. आता तेच त्या कागदातून सांग." आणि मला, "तू काहून दगडावर पाय ठेवत ठेवत चालून राहिली? पडली तर पड, पन चाल." मी पडत होते. रोज. तोंडातून बोबडे शब्द आले की कुंदा हसायची, आणि तिचा हेल आला की मी. उन्हानं पत्रा तडतडायचा, आत्या मध्येच उठून आम्हाला गूळ-शेंगदाणे द्यायची आणि पुन्हा सूप हातात घ्यायची. मला माझी भाषा वाचता आली ती त्या सुपाच्या धाकानं. कॉन्व्हेंटचं इंग्रजीही मला पुढं उपयोगी पडलं. ते मी नाकारणार नाही.

आई रोज संध्याकाळी आम्हाला पारावर नेत राहिली. सायकलवाला रोज पाळण्याची दोरी ओढल्याची नक्कल करायचा. कुंदाची मान एखाद-दोन ओळी ताठ राहायची, मग सूर तिला ओढून न्यायचा. लीलाबाई एकदा म्हणाली, "पुरं करा बाई, पोट्टीचं हसं होते." आई म्हणाली, "अजून थोडे दिवस." आईला कुणापुढे हात पसरल्यासारखं बोलताना मी तेवढंच ऐकलं.

मग एका संध्याकाळी वरच्याच कोपऱ्यात बातमी होती की ओलिताच्या मोटारींना आता दिवसाची लाइन मिळणार नाही, रात्रीचीच मिळणार. कुंदानं पहिलं वाक्य वाचलं आणि पारावर एकदम कालवा झाला. रात्री बगीच्यात पाणी द्यायला जायचं म्हणजे साप-विंचवात जायचं. बापूजी काठी आपटून ओरडले, "असं कसं? अन् दिवसा काय करावं मानसानं?"

"मले काय इचारता, बापूजी?" कुंदा म्हणाली. "छापलं ते सांगून राहिली ना मी! आयका तर पुढं."

"सांग, सांग."

तिनं सांगितलं. म्हणजे वाचलं. अधूनमधून थांबून, गलका बसू देऊन, पुन्हा मागचं वाक्य उचलून. कुणी हसलं नाही. कुणी तिचं कौतुकही केलं नाही. तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सायकलवाला हातवारे करत बापूजींशी भांडत होता, भाजीवाल्या बाया एकमेकींना विचारत होत्या, सगळा पार त्या बातमीशी झगडत होता. मी आईकडे पाहिलं. ती वडाला पाठ टेकून उभी होती आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं पिशवी खाली ठेवली होती.

गर्दी हलली तेव्हा वनिताकाकू मेथीची जुडी निवडत आईजवळ आल्या. "आमची सुमी बी बोलंन का अशी?" त्यांनी विचारलं.

"बोलेल," आई म्हणाली. एवढंच. माझा विषय काकूंनी काढला नाही, पण तो तिथं मेथीसारखा हातात होताच.

तो बाबांनी घरी काढला. आई मला कॉन्व्हेंटमधून काढ म्हणून कधी बोलली नव्हती. ती बोलणारही नव्हती. बाबा चपला काढता काढता म्हणाले, "स्टँडवर दोघं जण बोलत होते. म्हने, कुंदीनं बातमी समजावून सांगितली." मग माझ्याकडे वळून, "कोनाच्या बाजूच्या मानसाले नाही. त्यांलेच." "नलू, तू कुंदीसंगं जाशीन का?"

मी "हो" म्हटलं. त्याग वगैरे काही नव्हता. बुटात पाय भाजायचे.

आमच्याकडे शाळा उशिरा, जून सरताना उघडतात. पहिल्याच आठवड्यात साहेब आले. पाचवीची बाकं भरलेली होती. सुमी होती, मी होते, कुंदा होती. आईनं माझंही नाव रीतसर घातलं होतं, आणि बाकीच्या मुलींच्या देखत मला डोक्यावरून कान धरायला लावला होता. माझी जन्मतारीख खरी असून, आणि मी पाचवीत जाणार असून. सुमी फिदीफिदी हसली. नियम म्हणजे नियम.

साहेबांनी डोकी मोजली आणि कुंदाला धडा वाचायला सांगितला. कुंदानं वाचला, ओट्यावर बसून शेजारणीला सांगावं तसा. साहेबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी तालुकाभर तो हेलच ऐकला होता.

"ही वाचत नाही, बाई. ही पाठ केलेलं बोलते आहे."

आईचा चेहरा उतरला. उन्हाळाभर हेल घालवला, आणि आता त्या हेलावाचून साहेबांना वाचन ओळखू येईना. पण ती लगेच सावरली. "मग तुमच्याजवळचं काहीही द्या, साहेब."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर, स्टँडवरून त्यांच्यासाठी आणलेली भजी होती, रद्दी पेपरात गुंडाळलेली. त्यांनी भजी बशीत काढली आणि तेलानं पारदर्शक झालेला तो तुकडा कुंदाला दिला. कुस्तीच्या दंगलीची बातमी होती. कुंदानं तो उजेडाकडे धरला आणि सांगू लागली. कोण कुठला पैलवान, कुणी कुणाचा पट काढला, कसा वरचा खाली आला, माणसं कशी उभी राहिली. साहेबांचा भज्याचा हात तसाच थांबला होता. आणि कुंदा एकदम गप्प झाली.

"मग?" साहेब म्हणाले. "पुढं? कोण पडलं?"

"पुढं फाटलं हाय, साहेब," कुंदा म्हणाली.

साहेब हसले, आणि पाचवी राहिली.

कुंदा सातवी झाली, मग लीलाबाईनंच तिला एसटीत बसवून दिलं, आणि पुढं ती सरकारी दवाखान्यात नर्स झाली. आमच्या वर्गातल्या नोकरी केलेल्या जवळजवळ सगळ्या मुली एकाच महिन्यात निवृत्त झाल्या. एक जुलैचा हा परिणाम आईनं धरला नव्हता. आता त्या शाळेचे वरचे वर्ग पुन्हा ओस पडत चाललेत. गेल्या उन्हाळ्यात कुंदाचा फोन आला. नव्या बाई तरुण आहेत, लाजतात, म्हणून ती त्यांच्यासोबत पोरी गोळा करायला दारोदार फिरते आहे.

"लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय म्हनन? पह्यलाच सवाल, तुमची नात कोठी शिकते?"

"मग?"

"मंग काय. बोट धरूनच नेतो ना मी तिले संगं. म्हनतो, इचारा तिलेच."

मी विचारलं, पहिलीत जायला तिचा कान लागतो का हाताला. कुंदा म्हणाली, थांब, आणि फोन बाजूला ठेवून तिनं नातीला हाक मारली.